न मोडता सुटणारा सांधा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



मेळाव्याच्या संयोजकांचा मला फोन आला की, "तू कॉम्प्युटरवाली, तर एआयवर बोलशील का?" मी म्हटलं, त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली भेटतात. मला पलंगावर बोलू दे. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग हळूच विचारलं गेलं, "पलंगावर म्हणजे?" तर म्हणजे असं, की मी माझ्या आईसाठी घरी, स्वतःच्या हातांनी एक सागवानी पलंग केला आहे. त्याची हकिगत सांगते. सर, मुद्द्याला धरून बोलायची तुमची सवय मोडलेली नाही, तेव्हा वेळेत संपवीन.

आपल्या शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवतो का? खडू, मेणबत्त्या, फिनेल आणि पुठ्ठ्याची फाइल. लाकडाला आपल्या तुकडीतल्या मुलींनी हात लावल्याचं मला तरी आठवत नाही. रंधा मी पहिल्यांदा धरला तो सांगलीला, वालचंदला इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी. तिथे कॉम्प्युटरला जाणारा असो की सिव्हिलला, वर्कशॉप सगळ्यांनाच. सुतारकामाच्या शॉपमध्ये लाकडाच्या दोन तुकड्यांचा एक सांधा करून द्यायचा, त्याला मार्क. तो सांधा देऊन टाकला आणि पुढची वीस वर्षं मी फक्त कीबोर्ड बडवला.

सांगलीतच लग्न झालं. सासर गावभागात, नदीपासून जवळ. कृष्णा तशी आपलीच. महाबळेश्वरला उगम पावते, वाईच्या घाटांवरून येते, माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना, आणि मग ती आमच्याकडे येते. साताऱ्यात असताना माहुलीच्या पायऱ्यांवर बसून तिच्याकडे पाहायचं, एवढाच तिच्याशी संबंध होता. सांगलीत पावसाळ्यात रोज सकाळी पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती?" आयर्विन पूल १९२९ चा. त्याच्यापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

त्या पुरात आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. माणसं आधीच बाहेर पडली होती, म्हणून ती गोष्ट मी रडत सांगत नाही. पाणी उतरल्यावर घरात आलो तेव्हा मी एक पाहिलं, तेवढंच सांगते. आमचा पलंग लग्नानंतर दुकानातून आणलेला, वरून गुळगुळीत, आत भुसा दाबून केलेली फळी. तो फुगून पावासारखा झाला होता. हात लावला की चुरा. या फळ्या ज्या गोंदाने दाबतात तो गोंद पाण्यात टिकत नाही, आणि एकदा फुगलेला भुसा वाळला तरी मूळ मापावर येत नाही. त्यामुळे स्क्रूही धरत नाही. त्याच खोलीत सासूबाईंची जुनी नवारीची खाट होती. नवार कुजली, ती कापून टाकली. चार खूर आणि पट्ट्या धुऊन सावलीत महिनाभर उभ्या केल्या, नवी नवार विणून घेतली. ती खाट आजही वापरात आहे.

जाता जाता एक उपयोगाचं. घरी प्लायवूड घेणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराच्या प्लायचा मानक, आयएस ७१० हा पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा. दुकानदार तोंडाने "वॉटरप्रूफ" म्हणाला तरी शिक्का काय म्हणतो ते महत्त्वाचं.

आता आईकडे येते. तुमच्यातल्या कित्येकांनी आमच्या वाड्यात डबे खाल्ले आहेत. २०२२ साली भाऊबंदांच्या संमतीने तो वाडा पाडायचं ठरलं. वडील आधीच गेले होते, मी एकुलती एक. आईने माझ्याकडे सांगलीला यावं, असं मी आणि माझे यजमान दोघंही म्हणत होतो. आई तयार होईना. तिचं म्हणणं सरळ होतं, लेकीच्या घरी पाहुणी म्हणून चार दिवस जाते माणूस, राहायला जात नाही. मी वाद घातला. बायकांचा काळ बदलला वगैरे सगळं बोलून झालं. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुझं बरोबर आहे. पण मी तिथे कुणाच्या वस्तूवर बसायचं?"

हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. आईचं लग्न झालं तेव्हा ती माहेरून एक ट्रंक आणि भांडी घेऊन वाड्यात आली. घर सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं. आता वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने तिसऱ्या घरात जायचं, आणि तिथेही पलंग, कपाट, खुर्ची सगळं दुसऱ्याचं. भिंती पाडणाऱ्या ठेकेदाराने लाकूडफाट्याचा दर आधीच ठरवला होता. मी त्याला सांगितलं, माजघरावरच्या दोन तुळया मला हव्यात. हिशेबातून तेवढे पैसे वळते करून घेतले. आईला सांगितलं, तू तुझं लाकूड घेऊन ये, बाकी मी बघते. ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

तुळया प्रत्येकी अकरा फूट लांब, सात इंच चौरस. टेम्पोने सांगलीला आणल्या. वखारवाला कापून द्यायला तयार होईना, आणि ते रास्तच होतं. जुन्या लाकडात खिळा असला तर त्याच्या करवतीचं पातं जातं, कामगाराला इजा होते ती वेगळीच. मग मी आमच्या धंद्यातलं एक हत्यार काढलं. बंद पडलेल्या हार्ड डिस्कच्या आत दोन छोटे, फार जोरकस लोहचुंबक असतात. ते काठीला बांधले आणि तुळईवरून इंच इंच फिरवले. जिथे ओढ लागली तिथे खडूची खूण. दिसणारे आणि न दिसणारे मिळून ४३ खिळे निघाले. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड शाईसारखं काळं झालेलं होतं. सागातलं टॅनिन आणि लोखंड यांची ती रासायनिक क्रिया. ते डाग पलंगात अजून आहेत, मी घासून काढले नाहीत.

तुळईच्या टोकांना कुणा सुताराने पाडलेल्या चौकोनी खाचा होत्या. वाड्याच्या सांगाड्यात तुळई खांबावर खिळ्याने ठोकलेली नव्हती. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवून उभी होती. खिळे सगळे नंतरचे, पंखा, वायर, झुंबर आणि गणपतीचं मखर टांगायला मारलेले. म्हणजे ते छत उतरवताना खरं तर मोडावं लागत नाही, सोडवता येतं. हे पाहिलं तेव्हा पलंग कसा करायचा ते माझ्या मनात पक्कं झालं.

आईच्या मागण्या तीन होत्या. आमच्या भाषेत रिक्वायरमेंट्स. पहिली, उठताना गुडघे दुखू नयेत. दुसरी, तिची लहान पत्र्याची ट्रंक पलंगाखाली गेली पाहिजे. तिसरी तिने सगळ्यात शेवटी, भाजी निवडता निवडता सांगितली, "आणि तुमच्याकडे पूर येतो. तेव्हा मला उचलाल. पलंगाचं काय?"

पहिलीचं उत्तर मोजपट्टीत आहे. आईला खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या खोलगट जागेपासून जमिनीपर्यंत मोजलं, सतरा इंच भरलं. बसल्यावर गादीचा वरचा भाग तेवढ्याच उंचीला यायला हवा. म्हणजे पाय जमिनीला पूर्ण टेकतात आणि उठताना जोर मांडीत येतो. कापसाची चार इंची गादी बसल्यावर तीन इंचांवर येते, म्हणून पट्ट्या चौदा इंचांवर. तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस असेल तर आज घरी जाऊन एवढं माप नक्की घ्या. बाजारातले बरेच पलंग उंचीला आईसारख्या बाईसाठी केलेले नसतात. दुसरी मागणी त्यातच बसली. बाजूच्या लांब पट्ट्यांची खालची कड साडेनऊ इंचांवर आली आणि ट्रंक नऊ इंचांची होती.

तिसरीसाठी मात्र सांधा शोधावा लागला. पलंग हलायला लागतो तो नेहमी एकाच ठिकाणी, बाजूची लांब पट्टी खुराला मिळते तिथे. तिथे खिळे मारले तर सैल होतात, सरस घातला तर पलंग कधीच सुटत नाही आणि जिन्यावरून जात नाही. नट-बोल्ट चालतात, पण पुराच्या पाण्यात गंजतात आणि ऐन वेळी पाना सापडत नाही. मी घेतला तो जुना मार्ग. खुरात आरपार खाच, लांब पट्टीच्या टोकाची जीभ त्यातून अडीच इंच पलीकडे बाहेर, आणि त्या बाहेर आलेल्या जिभेला भोक पाडून त्यात एक उभी पाचर. पाचर ठोकली की पट्टीचा खांदा खुराला घट्ट आवळला जातो. उलट्या बाजूने दोन ठोके दिले की सुटतो. चार कोपरे, चार पाचरी. पाचरी बाभळीच्या केल्या, बैलगाडीच्या चाकांना लागायची तीच चिवट बाभूळ. पाचरीचा उतार आठास एक ठेवला. जास्त ठेवला तर ती हादऱ्याने वर निसटते.

आमच्या गल्लीत एक वयस्क सुतार राहतात. रविवारी सकाळी चहाला यायचे आणि गच्चीवरच्या माझ्या पत्र्याच्या खोलीत स्टुलावर बसायचे. त्यांनी माझ्या कामाला हात लावला नाही, मी मागूनही. पण दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे धार. सागात वाळूच्या जातीचा अंश असतो, तो पातं फार लवकर बोथट करतो. अर्धा तास रंधा, मग दगडावर धार, पुन्हा अर्धा तास. मला वाटायचं वेळ वाया चालला. ते म्हणाले, "ताई, धार लावणं हेच काम. लाकूड कापणं ही नंतरची गंमत." दुसरी गोष्ट पाचरीची. "डोळ्याने बघू नका, कानाने ऐका. ठोक्याचा आवाज बारीक झाला की थांबायचं. पुढचा ठोका खूर फाडतो."

धारेवरून आठवलं. आमच्यापासून दहा किलोमीटरवर मिरज. तिथल्या तंबोरा आणि सतारींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही वाचलं असेल. ती वाद्यं करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे तलवारी आणि हत्यारांना धार-पाणी करणाऱ्यांची. राजांची हत्यारं म्यानात गेली आणि त्या हातांनी भोपळा आणि तुणीचं लाकूड हाती घेतलं. मी मिरजेत जाऊन तासभर एका कारागिराचं काम पाहत बसले. ते पाहून आल्यावर माझी स्वतःच्या कामाची घाई गेली.

काम चार महिने चाललं, फक्त शनिवार-रविवार. लाकूड लागलं पावणेतीन घनफूट, तयार पलंगाचं वजन पन्नास किलोच्या आत. उशाकडचा भाग सगळ्यात जड, साधारण अठरा किलो, दोघांना जिन्यावरून सहज नेता येईल एवढा. उशाची फळी चौकटीच्या खाचेत नुसती सरकवली आहे, चिकटवलेली नाही. लाकूड रुंदीत पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर ते स्वतः चीर पाडून जागा करून घेतं. गादीखालच्या अकरा पट्ट्या तीन इंच रुंद, मध्ये साडेतीन इंचांची फट. त्या सुट्याच आहेत. मुलं पाहायला आली की एकेक उचलून तलवारी करतात.

अमेरिकेतल्या आपल्या मित्रांना हे ओळखीचं वाटेल. तिकडे चेरीच्या लाकडाचे पलंग करतात, आणि ते नवीन असताना फिकट गुलाबी असतात, उजेडात राहून वर्षभरात गडद तांबूस होतात. आपला सागही असाच रंग बदलतो. रंधा मारल्यावर तो हिरवट-पिवळा, पट्ट्यापट्ट्यांचा दिसला. आई साताऱ्याहून पाहायला आली होती. तिचा चेहरा पडला. "ही आपली तुळई नाही. आपली काळी होती." मी तिला सांगितलं, तो काळा रंग माजघरातल्या चुलीच्या धुराचा होता. खालचं लाकूड हेच. तीन आठवडे सगळे भाग गच्चीवर उजेडात ठेवले, दर दोन दिवसांनी उलटसुलट करत. हळूहळू सोनेरी तपकिरी रंग चढला. मग जवसाच्या तेलाचे तीन हात. इथे एक सूचना. या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवायची आणि मगच टाकायची.

साग किती टिकतो, असं लोक विचारतात. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाचं 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज बांधलं, १८१७ साली पाण्यात उतरवलं. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला संग्रहालय म्हणून पाण्यावर उभं आहे. आमचा पलंग एवढा टिकायची गरज नाही. आईला पुरला, मग मला पुरला, की झालं.

पलंग लागला तो दिवस मात्र सांगते. आई राहायला आली. सामान ठेवलं आणि आधी खाली वाकून पाचरी पाहिल्या. म्हणाली, "आता सोडून दाखव." मी म्हटलं, आत्ताच तर जोडलाय. "म्हणूनच." तिने घड्याळ हातात घेतलं. मी लाकडी हातोडा घेतला, मुलगा आणि यजमान मदतीला. चार पाचरी काढल्या, अकरा पट्ट्या उचलल्या, लांब पट्ट्या ओढून घेतल्या, आणि सगळं जिन्याने वरच्या मजल्यावर नेऊन भिंतीला टेकवलं. अकरा मिनिटं. आई म्हणाली, "ठीक आहे. आता लावा परत." त्या रात्री ती त्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू भेटायला आल्या तर तिने त्यांना हाताने गादीची कड दाखवून सांगितलं, "बसा ना, आमच्या वाड्याचा आहे." माझं नाव त्यात कुठेच नव्हतं, आणि मला ते फार आवडलं.

आता दर जूनमध्ये आमच्याकडे ही रंगीत तालीम होते. आयर्विनचं पाणी वाढायला लागलं की आई स्वतः विचारते, "हातोडा जागेवर आहे ना?" पूर्वी पुराचं नाव काढलं की ती साताऱ्याला परत जायची भाषा करायची. ती भाषा बंद झाली. जे आपल्याला सोडवता येतं आणि उचलून नेता येतं, त्याची धास्ती कमी असते.

मी या क्षेत्रात तेवीस वर्षं आहे. आम्हीही असंच शिकवतो, की भाग असे जोडा, एक काढताना दुसरा मोडू नये. पण ते मला खरं कळलं ते या चार पाचरींमुळे. आपल्या वर्गातल्या बहुतेक मुली कुठल्या कुठे गेल्या. लग्नाने, नोकरीने, मुलांच्या शिक्षणाने दोन-तीन घरं तरी सगळ्यांनी बदलली. आता आपण आई-वडिलांना त्यांच्या घरातून हलवण्याच्या वयात आलो आहोत. आपण त्यांना सांगतो, आमच्याकडे सगळं आहे, तुम्ही फक्त या. आपल्या मनात माया असते, पण त्यांच्या कानांवर ते वेगळं पडतं. त्यांना रिकाम्या हातांनी बोलवू नका. त्यांची एखादी तुळई, एखादं दार, पाट, कपाटाची फळी, जे असेल ते बरोबर येऊ द्या. तुम्हाला करता येत नसेल तर सुताराकडून करून घ्या. फक्त त्याला सांगा, सांधा न मोडता सुटला पाहिजे.

साताऱ्यात अजून पुष्कळ वाडे उतरायचे आहेत. कुणाच्या घरची तुळई भंगारात चालली असेल तर मला आधी कळवा. खिळे काढायचे चुंबक मी घेऊन येईन, गच्चीवर जागा आहे आणि गल्लीतले सुतारकाका रविवारी चहाला असतातच.